तीव्र मध्यम आणि ध्वनीची तीव्रता

आठवीच्या एका चाचणीत प्रश्न होता : ध्वनीची तीव्रता कशावर अवलंबून असते? अपेक्षित उत्तर होते, कंपनाच्या आयामावर. एका मुलीने लिहिले होते, ‘तीव्रता कंपनसंख्येवर अवलंबून असते. म्हणून तीव्र मध्यम शुद्ध मध्यमापेक्षा वर असतो.’ उत्तरावर लाल फुली पडली आणि दोन गुण गेले. पेपर आमच्यापैकीच एकाने तपासला होता.

ती मुलगी गाणे शिकत होती. गाण्याच्या वर्गात ‘तीव्र’ म्हणजे वर चढलेला स्वर. शुद्ध मध्यमाची कंपनसंख्या वाढवली की तीव्र मध्यम मिळतो, मग तो कितीही हळू म्हणा. विज्ञानाच्या वर्गात ‘तीव्र’ म्हणजे जास्त ऊर्जा वाहून आणणारा, साध्या भाषेत मोठा आवाज. शब्द एक, मोजायच्या गोष्टी दोन. मुलीने आपल्या दुसऱ्या गुरूंची भाषा आमच्या पेपरात लिहिली एवढेच. तिचे उत्तर विज्ञानाच्या पेपरात चूकच होते, पण ते अज्ञानातून आलेले नव्हते. फुली मारताना हे आमच्या लक्षात आले नाही, आणि लक्षात आल्यावर मात्र ते बरेच दिवस डोक्यातून जाईना. संगीतातले शब्द एका भाषेतून दुसरीत, एका शास्त्रातून दुसऱ्यात कसे गेले आणि जाताना काय काय झाले, याचा शोध आम्ही घेऊ लागलो. त्यात जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

सात की आठ?

सुरुवात सोप्या शब्दापासून करू या. आपण ज्याला सप्तक म्हणतो त्याला इंग्रजीत ऑक्टेव्ह म्हणतात. सप्त म्हणजे सात, ऑक्टेव्ह म्हणजे आठवा. मग त्यांच्याकडे एक स्वर जास्त आहे का? नाही. आपण सा ते नी असे सात स्वर मोजतो. ते पहिल्या सापासून वरच्या सापर्यंत मोजतात आणि दोन्ही टोके धरतात, म्हणून आठ होतात. वर्गात हे पटवायला पेटीही लागत नाही. सात दिवसांच्या काळाला आपण मराठीत ‘आठवडा’ म्हणतो! रविवार ते रविवार, दोन्ही टोके धरून आठ.

हाच ऑक्टेव्ह रसायनशास्त्रातून मराठीत आला तेव्हा मात्र त्याचे ‘अष्टक’ झाले. न्यूलँड्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्ये वाढत्या अणुवस्तुमानाने मांडली. त्याला दिसले की प्रत्येक आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्याशी जुळतात. १८६५ मध्ये त्याने या नियमाला संगीतातले नाव दिले. आपण तो ‘अष्टकांचा नियम’ म्हणून शिकवतो आणि समजावताना सा रे ग म प ध नी सा म्हणून दाखवतो. म्हणजे एकच कल्पना संगीताच्या तासाला सप्तक आणि विज्ञानाच्या तासाला अष्टक. एखाद्या मुलाने ‘सर, ही दोन वेगळी आहेत का?’ असे विचारले तर त्याला शाबासकी द्यायला हवी.

इथे फारसे काही बिघडत नाही, कारण दोन्ही शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतात ती एकच आहे. खालच्या सापेक्षा वरच्या साची कंपनसंख्या दुप्पट असते. हे कुठेही मोजून पाहता येते. शब्द ज्या गोष्टीकडे बोट दाखवतो ती गोष्टच निसटली की खरी अडचण सुरू होते.

राग म्हणजे मोड?

विल्यम जोन्स कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. १७८४ मध्ये त्याने तिथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी त्याने हिंदू संगीतावर निबंध लिहायला घेतला. पुढे भर घातलेला तो निबंध १७९२ मध्ये छापून आला. त्याला संस्कृत आणि फारसी दोन्ही येत होत्या. सोमनाथाचा ‘रागविबोध’ त्याने पाहिला होता. युरोपीय वाचकाला राग कसा समजवायचा? जोन्सने शब्द निवडला ‘मोड’. जुन्या ग्रीक आणि चर्चच्या संगीतात मोड म्हणजे स्वरांचा एक ठरावीक संच, अमुक स्वरावर उभा असलेला.

या भाषांतराची परीक्षा आपण लगेच घेऊ शकतो. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांतही सा रे ग प ध हेच पाच स्वर. राग म्हणजे स्वरांचा संच असेल तर भूप आणि देशकार एकच ठरतील. पण ऐकणाऱ्याला ते स्पष्ट वेगळे कळतात. भूपात गांधारावर जोर, देशकारात धैवतावर. चलन वेगळे, गायची वेळ वेगळी. ‘मोड’ या शब्दाच्या चाळणीतून हे सगळे गळून जाते.

ही अडचण फार वर्षे लपून राहिली नाही. कॅप्टन विलर्ड या लष्करी अधिकाऱ्याने १८३४ मध्ये हिंदुस्थानी संगीतावर पुस्तक लिहिले. तो नुसत्या पोथ्यांवर विसंबला नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून ऐकून त्याने माहिती जमवली. मोडला जवळचा शब्द राग नव्हे, ‘थाट’ आहे, असे त्याने नोंदवले. सतारीचे पडदे एका विशिष्ट तऱ्हेने सरकवून बसवले की तो एक थाट. ही दिसणारी, हाताला लागणारी गोष्ट आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत मांडले, तेव्हा भूप कल्याण थाटात गेला आणि देशकार बिलावलमध्ये. थाट आणि राग हे दोन वेगळे शब्द का लागतात, हे एवढ्यावरून दिसते.

एका इंग्रजी शब्दाची चूक

असे घोटाळे फक्त पूर्व आणि पश्चिम यांच्यातच होतात असे नाही. जर्मनीत ‘बी’ हा स्वर लिहिला की त्याचा अर्थ इंग्रजांचा कोमल बी, आणि इंग्रजांच्या साध्या बीला जर्मन लोक ‘एच’ म्हणतात. शेजारच्या दोन देशांत एकाच अक्षराचे दोन स्वर!

याहून बोधप्रद गोष्ट आहे ‘ओव्हरटोन’ या शब्दाची. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये स्वरांच्या संवेदनेवर मोठा ग्रंथ लिहिला. तार छेडली की एकच कंपन होत नाही. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनेही त्याच वेळी होत असतात, आणि त्यांच्या कमीअधिक मिश्रणामुळे सतार सतारीसारखी आणि बासरी बासरीसारखी ऐकू येते, हे त्याने दाखवले. हे आपल्याकडच्या गवयांना अगदीच अनोळखी नव्हते. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून कुणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला ते ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. तो म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपन.

हेल्महोल्ट्झ या वरच्या घटकांना ‘ओबरपार्शियालटोन’ म्हणे, म्हणजे वरचे आंशिक स्वर. लांबलचक शब्द म्हणून तो अनेकदा नुसते ‘ओबरटोन’ लिही. जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६७ च्या आपल्या ध्वनीवरील पुस्तकात त्या आखूड रूपाचे शब्दशः इंग्रजी केले, ‘ओव्हरटोन’. मधला ‘आंशिक’ गळाला. हेल्महोल्ट्झच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८७५ मध्ये अलेक्झांडर एलिसने केला. त्याने या शब्दाला हरकत घेतली आणि आपल्या अनुवादात ‘वरचे आंशिक स्वर’ असेच लिहिले. पण टिंडलचा सुटसुटीत शब्द लोकांच्या तोंडी बसला होता.

याचे फळ अकरावी-बारावीची मुले आजही भोगतात. आंशिक स्वर मोजायचे तर मूळ स्वर पहिला आणि दुपटीचा दुसरा. ओव्हरटोन मोजायचे तर मूळ स्वर धरायचाच नाही, दुपटीचा तो पहिला. म्हणून तारेचा पहिला ओव्हरटोन म्हणजे दुसरा हार्मोनिक. एका टोकाला बंद असलेल्या नळीत फक्त विषम पटीची कंपने होतात, तिथे पहिला ओव्हरटोन म्हणजे तिसरा हार्मोनिक. मुले हे पाठ करतात. हा गोंधळ निसर्गाचा नाही, तो मोजायला सुरुवात कुठून करायची याचा आहे, हे त्यांना सांगितले तर पाठांतराचे ओझे थोडे हलके होईल.

एलिसचे माप

या अलेक्झांडर एलिसची आणखी थोडी ओळख करून घ्यायला हवी. तो गणिती आणि उच्चारशास्त्रज्ञ. बर्नार्ड शॉने ‘पिग्मॅलियन’च्या प्रस्तावनेत त्याची आठवण काढली आहे, आणि ‘पिग्मॅलियन’ म्हणजे आपल्या ‘ती फुलराणी’चे मूळ. एलिसचा कान संगीताला फारसा तयार नव्हता. स्वर ओळखायला तो हिपकिन्स या जाणकार मित्राची मदत घेई. गणित एलिसचे आणि कान हिपकिन्सचा.

१८८५ मध्ये एलिसने निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांवर निबंध वाचला. त्यासाठी अनेक देशांची वाद्ये आणि त्यांवर लावलेले स्वर त्याने मोजले होते. त्यात राजा रामपाल सिंग यांनी लावून दाखवलेली सतारही होती. प्रश्न असा होता की हे स्वर लिहायचे कोणत्या भाषेत? युरोपीय नावे वापरली तर सतारीचा प्रत्येक स्वर ‘जरा चढा’ किंवा ‘जरा उतरलेला’ ठरणार, जणू तो चुकलेला युरोपीय स्वरच. एलिसने मग एक नवे एकक वापरले. सा ते वरचा सा या अंतराचे कानाला सारखे वाटणारे १२०० भाग करायचे आणि एका भागाला सेंट म्हणायचे. दोन कंपनसंख्यांचे गुणोत्तर घ्या, त्याचा लॉगॅरिथम काढा, त्याला २ च्या लॉगॅरिथमने भागा आणि १२०० ने गुणा. ३:२ या गुणोत्तराचे, म्हणजे सा ते पंचमाचे, उत्तर येते ७०२ सेंट. पियानोवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात. तंबोऱ्यातल्या स्वयंभू गांधाराला दोन सप्तके खाली आणले तर ५:४ हे गुणोत्तर मिळते, म्हणजे ३८६ सेंट. पेटीचा शुद्ध गांधार ४०० वर. चौदा सेंटांचा हा फरक तयार कानाला खुपतो.

सेंट हा कुणाच्याच संगीतातला शब्द नाही, म्हणूनच तो सगळ्यांच्या उपयोगी पडला. एलिस ज्या निष्कर्षाला पोचला तो त्या काळी धाडसाचा होता. जगात एकच नैसर्गिक सप्तक नाही, सप्तके अनेक आहेत आणि ती माणसांनी घडवलेली आहेत.

बावीस श्रुती आणि सांगलीची पेटी

आता आपल्या अंगणात येऊ या. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. षड्ज ग्रामात सा चार श्रुतींचा, रे तीन, ग दोन, म चार, प चार, ध तीन, नी दोन. बेरीज बावीस. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’मध्ये हाच हिशोब मांडला. श्रुती शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूवरून आला आहे. कानाला वेगळी कळते ती श्रुती. भरताने दोन वीणा घेऊन, एक तशीच ठेवून दुसरी पायरीपायरीने उतरवत श्रुती दाखवण्याचा प्रयोग सांगितला आहे. पण अंकांत, गुणोत्तरांत त्याने कुठेही माप दिलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात बऱ्याच इंग्रजी लेखकांनी श्रुतीला ‘पाव स्वर’ म्हटले. पाव स्वर म्हणजे पूर्ण स्वराचा चौथा भाग, म्हणजे ५० सेंट. असे भाग सप्तकात २४ बसतात, २२ नव्हे. बावीस सारखे भाग केले तर प्रत्येक साडेचोपन्न सेंटांचा होतो. भाषांतराच्या एका शब्दाने दोन गोष्टी परस्पर ठरवून टाकल्या होत्या : श्रुती ठरावीक मापाची असते आणि सगळ्या श्रुती सारख्या असतात.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेची लांबी मोजून श्रुतींची गुणोत्तरे काढली. गाऊन दाखवायला किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ होते. १९१० मध्ये देवलांचे पुस्तक इंग्रजीत पुण्यातून निघाले. या मांडणीत चार श्रुतींचा स्वर ९:८ म्हणजे २०४ सेंट, तीन श्रुतींचा १०:९ म्हणजे १८२ आणि दोन श्रुतींचा १६:१५ म्हणजे ११२. वजाबाक्या केल्या तर श्रुती तीन मापांच्या निघतात : २२, ७० आणि ९० सेंट. पहिल्या दहा, दुसऱ्या पाच, तिसऱ्या सात. वर्गात गुणाकार करून पाहा. बेरीज बरोबर १२०० सेंट भरते, सप्तक पूर्ण होते. गणित सुरेख आहे. ‘पाव स्वर’ हे भाषांतर त्याने मोडीत काढले.

सनदी नोकरीतले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी देवलांचे काम उचलून धरले आणि १९१३ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहिले. या श्रुती वाजवणारी खास पेटी लंडनहून तयार करून घेतली गेली. १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही श्रुतिपेटी जाणकारांपुढे आली. जमलेल्या गवयांना ती पटली नाही. पेटीतले स्वर आणि त्यांच्या गळ्यातले स्वर जुळेनात. भातखंडेही या मांडणीच्या विरोधात होते.

असे का झाले? आम्हाला वाटते, याचे उत्तर आपल्या एका लाडक्या शब्दात आहे : ‘शास्त्रीय’. शास्त्रीय संगीत म्हणतो तेव्हा आपला अर्थ असतो परंपरेच्या, ग्रंथांच्या नियमांनी चालणारे. शास्त्रीय प्रयोग म्हणतो तेव्हा अर्थ असतो मोजमाप करून पडताळलेला. देवल आणि क्लेमंट्स यांना दोन्ही अर्थ एकत्र हवे होते. जुन्या शास्त्रातला शब्द नव्या शास्त्राच्या मापात तंतोतंत बसावा, आणि तेच माप आजच्या गवयाच्या गळ्यातही सापडावे. त्यांचा हेतू चांगला होता आणि कष्ट मोठे होते. पण श्रुतीला गुणोत्तर दिले, ती गुणोत्तरे पेटीत बसवली, आणि गळ्याची परीक्षा पेटीने घ्यायची असे होऊन बसले. प्रयोगात नेमके याच्या उलट व्हायला हवे.

तशी उलट बाजूने तपासणी पुढे झाली. १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी हिंदुस्थानी कलावंतांचे प्रत्यक्ष स्वर यंत्राने मोजून प्रसिद्ध केले. एकाच नावाचा स्वर वेगवेगळ्या कलावंतांचा वेगळा भरला. एकाच कलावंताचा तोच स्वर एकाच बैठकीतही नेमक्या एका ठिकाणी राहिला नाही. बावीस ठरलेल्या जागा असतील तर असे दिसायला नको. याचा अर्थ गवई बेसूर असतात असा नव्हे. स्वर कुठून येतो, कुठे जातो, किती थांबतो यावर त्याची जागा ठरते, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.

शुद्ध कोण?

भाषांतर एकाच भाषेतही करावे लागते. जुन्या ग्रंथांतले शुद्ध स्वर आजच्या काफी थाटाच्या जवळ जातात. भातखंड्यांनी बिलावल हे शुद्ध स्वरांचे सप्तक मानले. शब्द तोच, स्वर बदलले. पुण्यातला विद्यार्थी चेन्नईला गेला तर त्याला ‘शुद्ध ऋषभ’ म्हणून जो स्वर शिकवतील तो त्याच्या ओळखीचा कोमल ऋषभ असेल, आणि त्याच्या शुद्ध ऋषभाला तिथे ‘चतुःश्रुती ऋषभ’ म्हणतील. ‘श्रुती’ शब्दही तिथे रोजच्या व्यवहारात आधारस्वरासाठी वापरतात. श्रुतिपेटी मागितली तर देवलांची पेटी मिळणार नाही, नुसता आधार देणारी पेटी हातात येईल!

आपल्या शाळेत तरी वेगळे काय आहे? दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांना संगीताची पुस्तके आंदोलनसंख्या म्हणतात, विज्ञानाची पुस्तके वारंवारता आणि मराठी विश्वकोश कंप्रता. संगीताची पुस्तके नादाचे तीन धर्म सांगतात : लहानमोठेपणा, उंचनीचता आणि जाती. विज्ञान तेच तीन वेगळ्या नावांनी सांगते. यांतला एखादा शब्द बरोबर ठरवून बाकीचे पुसून टाकावेत असे आम्ही म्हणणार नाही. ‘तीव्र मध्यम’ शेकडो वर्षे गळ्यात बसलेला आहे, तो विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकासाठी बदलणार नाही, आणि बदलूही नये.

मग करायचे काय? पेटीवाल्यांकडून शिकायचे. गाणारा सांगतो, ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’, आणि पेटीवाला त्या पट्टीवर बोट ठेवतो. सी-शार्प, डी-फ्लॅट असल्या दोन दोन नावांच्या भानगडीत न पडता आपल्या लोकांनी सरळ वस्तूला नाव दिले : काळी एक. हे भाषांतर चुकत नाही, कारण त्यात बोट दाखवायला पट्टी आहे.

वर्गातही तसेच करता येईल. एक तार ताणून घ्या. आधी हळू छेडा, मग जोरात. काय बदलले ते मुलांना विचारा. मग तारेची लांबी कमी करून पुन्हा हळूच छेडा. आता काय बदलले? मोबाइलवर स्वर जुळवायचे अ‍ॅप असेल तर कंपनसंख्या आणि सेंट दोन्ही दिसतील. दोन्ही बदल कानांनी आणि डोळ्यांनी ओळखल्यावर फळ्यावर दोन रकाने आखा, ‘गाण्याच्या वर्गात याला काय म्हणतात’ आणि ‘विज्ञानाच्या वर्गात याला काय म्हणतात’. पहिला रकाना गाणे शिकणाऱ्या मुलांना भरू द्या. त्या दिवशी शिक्षक ती असतील.

त्या मुलीचे दोन गुण आम्ही परत देऊ शकलो नाही, निकाल लागून गेला होता. पण पुढच्या वर्षीच्या चाचणीत प्रश्न बदलला : ‘तीव्र मध्यम’ आणि ‘ध्वनीची तीव्रता’ यांतील तीव्र या शब्दाच्या अर्थांतला फरक उदाहरणाने स्पष्ट करा. गुण दोनच ठेवले.